न उडालेला बार
ओल्या घोंगडीचा वास आला की जिंतूरकडची ती सकाळ आठवते. सत्तर साल असेल. धुईत हरणांना लांबचं दिसत नाही, ती अगदी जवळ येतात. म्हणून ठासणीची बंदूक घेऊन मी तुरीत दबा धरून बसलो होतो. धाकटा भाऊ पलीकडून हरणं हाकायला गेला होता. जवळ आला की त्यानं शीळ घालायची, असं ठरलं होतं. शीळ आली नाही, पण समोर मातकट पाठ हलली. मी चाप ओढला. घोडा खटकन पडला, पण धुईनं दारू सादळली होती, बार उडालाच नाही. त्याच जागी घोंगडी झटकत भाऊ उभा राहिला. "दादा, पळालं का हरण?" "पळालं," मी म्हणालो. अजूनही धुई पडली की तो हळहळतो, "लय जवळ आलतं, दादा." "हो," मी म्हणतो, "लय जवळ आलतं."