तक्त्यावर नसलेली जागा

डॉक्टरबाईंच्या भिंतीवर बाईच्या शरीराचा तक्ता आहे. त्यात गर्भाशय आहे, डोकं खाली करून झोपलेलं बाळही आहे. साठीची माझी ताई तो न्याहाळत होती, तेव्हा डॉक्टरबाईंनी पेनाने त्यावर एक छोटासा आकार काढला. छापणाऱ्याला तो काढावासाच वाटला नव्हता.

"ही शिश्निका. बाईला सुख मिळावं, एवढंच हिचं काम."

"बाळंतपणाशी काही संबंध?" ताईने विचारलं.

"काहीच नाही."

ताईने त्या आकारावर बोट ठेवलं. वीज गेली तरी स्वयंपाकघरातला हवा तो डबा अचूक काढणारी ही बाई. दुसऱ्याची वस्तू जपावी तसं आम्ही आपलं अंग जपलं, आणि त्या भागाला नुसतं 'खालचं' म्हणत आलो.

जिना उतरताना ती कठडा धरून थांबली.

"म्हणजे हे माझ्यापाशी होतंच गं."