पिंपातलं मिठागर

माझ्या सासूच्या दारात आयुष्यभर मीठ पिकलं, फूल एकही नाही. धरमतर खाडीकडच्या मिठागरावर राबणारं घर; अंगणाची मातीसुद्धा खारट. गौरीला फुलं यायची ती पेणच्या बाजारातून. लग्नानंतर पहिल्यांदा तिकडे जेवायला बसलो आणि मी तोंडात घास असतानाच जाहीर केलं, "आई, यंदा गौरीला सोनटक्का आमच्या घरचा." तेव्हा आमच्या घरी तुळसही नव्हती.

आम्ही अष्टमी गावात भाड्याने राहायचो, मी धाटावला कंपनीत पाळ्या करायचो. शेजारच्या काकूंनी सोनटक्क्याचा, आल्यासारखा दिसणारा एक गड्डा हातावर ठेवला. "मोरीच्या तोंडाशी खुपसा आणि विसरा. याला लाड सोसत नाहीत."

विसरणं माझ्या स्वभावात नाही. भंगारवाल्याकडून निळं पिंप आणलं, अर्धं कापलं, तळाला भोक पाडायचं तेवढं राहिलं. गड्डा त्यात लावला आणि वर पाऊस लागू नये म्हणून पिंप पत्र्याखाली ठेवलं. एवढं करूनही तो बिचारा आषाढापर्यंत कमरेएवढा झाला. पानं कशी, तर नुकती तेल लावून पुसल्यासारखी.

मग मला कोणीतरी सांगितलं की मासळी धुतलेलं पाणी घातलं की फूल लवकर येतं. पावसात ताजी मासळी कुठली? घरात खारवलेली होती. ती भिजवली की पाणी पिंपात, असं सुरू केलं. बायको म्हणाली, "अहो, ते खारं हाय."

"मासळी ती मासळी," मी म्हटलं.

दहा-बारा दिवसांत पानांच्या कडा करपल्या. मी आणखी पाणी घातलं, अर्थात तेच.

त्याच सुमारास सासूबाई लेकीला भेटायला आल्या. पिंपाजवळ बसल्या, चिमूटभर माती जिभेवर ठेवली आणि थुंकून टाकली.

"जावईबापू, मी जन्मभर मिठाच्या आगरात राबले. तुम्ही तर आगर घरी आणलात."

मग लेकीकडे वळून, "कोयता आन गो."

त्यांनी सगळी झाडी बुडापासून छाटली, गड्डे उकरून तीनदा धुतले आणि मोरीच्या तोंडाशी, भर पावसात, खुपसले. "जगला तर जगला. तुम्ही जवळ जायचं नाय."

मी गेलो नाही. फार जड गेलं. आठवड्यात कोंब आले. एवढा छळ सोसला याची कोंबांच्या तोंडावर खूणही नव्हती. पण फूल यायच्या आधीच गौरी येऊन गेली. फुलं पुन्हा बाजारातलीच होती. सासूबाईंनी एका शब्दाने टोकलं नाही, आणि तेच मला जास्त लागलं.

पहिली कळी धरली दसऱ्यानंतर. पहिली पाळी संपवून मी घरी आलो, कळी ओल्या फडक्यात गुंडाळून जेवणाच्या डब्यात ठेवली आणि एसटीने पेण गाठलं. पुढे बांधावरून चालत पोचेपर्यंत दिवे लागायची वेळ झाली होती. डबा उघडला, तर कळी वाटेतच उमललेली. पांढरीशुभ्र, फुलपाखरासारखी. घरभर वास सुटला.

"देवापुढे ठेवता?" मी विचारलं.

सासूबाईंनी फूल सरळ अंबाड्यात खोवलं. "गौरीला पुढल्या वर्षी. हे माझं हाय." मग डब्याला नाक लावून म्हणाल्या, "नीट धुतलावता ना? मासळीचा नव्हता ना?"