चूक सांगणारी नर्सबाई

दानेश्वरी बिराजदार नातेपुत्याजवळच्या एका उपकेंद्रावर पहिल्यांदा रुजू झाल्या तेव्हा एकवीस वर्षांच्या होत्या, आणि त्यांचं मराठी ऐकून बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. घरात कानडी, शाळा मराठी. लिहिण्यात पक्क्या, पण बोलताना 'ताप आली', 'पोट दुखतो' असं व्हायचं. बायका दुरुस्त करायच्या, या दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मी त्या वेळी तिथल्या आरोग्य केंद्रात औषधं द्यायचो. त्यांची नोकरी अगदी पहिल्या दिवसापासून पाहिलेला आता बहुतेक मीच उरलो आहे.

त्यांचे वडील गुरुबसप्पा यांचं अक्कलकोट तालुक्यातल्या एका गावात किराणा दुकान. मुलीनं नर्सिंगला जाण्याला चुलत्यांचा विरोध होता. परक्यांची बाळंतपणं करायची म्हणजे काय, असं त्यांचं म्हणणं. वडील मधे अडकलेले. शेवटी आई चन्नम्मा बोलल्या. त्या दुकानात बसायच्या आणि दर मंगळवारी बॅग घेऊन एसटीतून उतरणारी नर्स त्यांना दिसायची. ती बाई एकटी येते, एकटी जाते, आणि सरपंचसुद्धा तिला अहो म्हणतो, एवढंच त्यांनी सांगितलं. त्याच आठवड्यात अर्ज गेला.

तर नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एक गोष्ट घडली. तेव्हा सिरिंजा काचेच्या असायच्या आणि लसीकरणाच्या दिवशी त्या सुयांसकट वीस मिनिटं उकळाव्या लागत. त्या दिवशी दहाएक मिनिटांतच स्टोव्ह विझला. रॉकेल संपलं होतं. दुकान गावाच्या दुसऱ्या टोकाला, बाहेर बायका लेकरं घेऊन उन्हात बसलेल्या. आज निभेल, असं मनात म्हणून बाईंनी तेवढ्यावरच टोचायला घेतलं.

सहाव्या दिवशी वस्तीवरून निरोप आला. बजाबाई म्हणून एक खमकी म्हातारी होती, तिच्या पाच महिन्यांच्या नातवाची मांडी सुजून लाल झाली होती. बाईंनी हात लावून पाहिलं. आत पू झाला होता. बाळ कळवळत होतं. त्यांनी त्याला आईसकट दवाखान्यात नेलं, डॉक्टरांनी चीर देऊन पू काढला.

संध्याकाळी आमच्या पर्यवेक्षकांनी बाईंना बोलावलं. मी शेजारच्या खोलीत गोळ्या मोजत होतो, सगळं ऐकू येत होतं. माणूस वाईट नव्हता, पण सांभाळून घेण्याची सवय लागलेला. घरच्यांनी वरून काहीतरी लेप लावला असेल, तसं लिहून टाका आणि विषय संपवा, असं ते समजावत होते. बाई म्हणाल्या, "सर, घरच्यांनी काही लावलं नव्हतं. सुया पुरत्या उकळल्या नव्हत्या. मी तेच लिहिणार."

लिहिलं, आणि त्यावर थांबल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी वस्तीवर जाऊन बजाबाईला तेच तोंडावर सांगितलं. बजाबाईनं त्यांना दारातून हाकललं. पण जखम रोज धुवायला हवी होती, म्हणून बाई रोज साडेतीन किलोमीटर चालत जायच्या, गोठ्याच्या सावलीत बसायच्या, आणि सून बाळाला घेऊन बाहेर यायची. एकोणीस दिवस. म्हातारी उंबऱ्यात बसून नुसती बघत असे. आठव्या की नवव्या दिवशी बाई पोचल्या तेव्हा गोठ्यापाशी पाण्याचा तांब्या भरून ठेवलेला होता. कुणी ठेवला ते कुणी बोललं नाही.

जखम भरली, पण त्या वस्तीवरच्या बायका लसीकरणाला यायच्या बंद झाल्या. पुढच्या महिन्यातल्या लसीकरणाला बाई शाळेच्या व्हरांड्यात दुपारपर्यंत मोकळ्या बसून होत्या. त्यात कार्यालयाकडून लेखी ठपका आलेला. त्या दिवशी त्यांनी मनाशी राजीनाम्याचा मजकूरही जुळवला होता, असं त्यांनी मला पुष्कळ वर्षांनी सांगितलं. एकच्या सुमाराला बजाबाई आली. कडेवर तोच नातू, मागे चार-पाच बायका. बायका मागं मागं सरत होत्या. बजाबाई त्यांच्याकडे वळून म्हणाली, "ही बाई सोताची चूक सोता सांगती. न सांगणारीचं आपल्याला काय कळतंय? टोचून घ्या गप."

राजीनामा राहिला तो राहिलाच.

पुढची वर्षं सरकारी नोकरीतली असतात तशी गेली. शिवकुमार नावाच्या प्राथमिक शिक्षकाशी लग्न झालं. दोघांच्या बदल्या कधी एका तालुक्यात आल्या नाहीत, तेव्हा शिवकुमार ज्वारीची भाकरी थापायला शिकले आणि मुलगी धनलक्ष्मी त्यांच्याच हाताखाली मोठी झाली. बाई आरोग्य सहाय्यिका झाल्या, मग रजा काढून सार्वजनिक आरोग्याचा अभ्यासक्रम केला. पन्नाशीच्या उंबरठ्यावर असताना जिल्ह्याच्या सगळ्या आरोग्य सेविकांच्या प्रमुख म्हणून सोलापुरात आल्या. तिथल्याच जुळे सोलापूर भागात घर झालं आणि नवरा-बायको पहिल्यांदा एका छपराखाली सलग राहू लागले.

दर महिन्याची आढावा बैठक त्यांनी बदलली. आधीची पद्धत अशी, की ज्या तालुक्याचे आकडे कमी त्या सेविकांनी उभं राहायचं. बाईंनी उभं करणं बंद केलं आणि बैठकीचा पहिला अर्धा तास वेगळा ठेवला. या अर्ध्या तासात आपल्या हातून काय चुकलं ते सांगायचं, त्याची नोंद होणार नाही आणि नोटीसही निघणार नाही. पहिल्या महिन्यात कुणी तोंड उघडलं नाही. बाईंनी स्वतःचीच उकळायच्या राहिलेल्या सुयांची हकीकत सांगितली. चौथ्या महिन्यात वैरागच्या पुढच्या एका उपकेंद्रावरची बुद्धप्रिया उभी राहिली. नोकरीत जेमतेम वर्ष झालेलं. लसींचा डबा दोन तास उन्हात राहिला होता, आणि त्यातल्या लसी तिनं अकरा बाळांना दिल्या होत्या. कुणाला अपाय झाला नव्हता, पण लसीचा उपयोग झाला असेल याची खात्री नव्हती. सांगता सांगता ती रडायला लागली.

तिचे वैद्यकीय अधिकारी तिथंच होते. त्यांना कारवाई हवी होती. बाईंनी त्यांना शांतपणे आठवण करून दिली, की हा अर्धा तास कशासाठी आहे हे आधीच ठरलंय. मग बुद्धप्रियाला म्हणाल्या, "रडू नको. पत्ते काढ."

दुसऱ्या दिवशी त्या स्वतः तिच्यासोबत निघाल्या. घरोघर जाऊन बुद्धप्रियानंच बोलायचं, बाई नुसत्या शेजारी उभ्या. एका घरी शिव्या बसल्या, एका घरी चहा झाला. दोन दिवसांत नऊ बाळांना पुन्हा लस मिळाली. उरलेली दोन गावात नव्हती. आई-बाप ऊसतोडीला गेले होते, करकंबकडच्या फडावर, एवढंच शेजाऱ्यांना ठाऊक.

ड्रायव्हरला वाटलं, आता परत फिरायचं. बाईंनी गाडी करकंबच्या रस्त्याला घ्यायला लावली.

फडाच्या कडेला तोडकऱ्यांच्या पाचटाच्या तीसेक कोप्या, म्हणजे झोपड्या, होत्या. दोन्ही बाळं तिथं सापडली. एक आजीच्या मांडीवर, दुसरं साडीच्या झोळीत. दोघांनाही लस टोचली. पण त्यांच्याभोवती आणखी लेकरं जमली, आणि बुद्धप्रिया सवयीनं प्रत्येकाचं कार्ड विचारत गेली. बहुतेकांकडे कार्डच नव्हतं. गावातली सेविका समजायची, पोर बाहेरगावी गेलंय. इथली समजायची, हे आपल्या गावचं नाही. त्या एका फडावर एकही लस न मिळालेली सतरा मुलं निघाली.

सोलापूरला पोचल्यावर बाईंनी साखर कारखान्यांकडून ऊसतोड टोळ्यांच्या याद्या मागवायला सुरुवात केली. याद्या सहजी मिळाल्या नाहीत, दोन महिने फोन आणि फेऱ्या झाल्या. पण पुढच्या हंगामापासून फडावर टोळी उतरली की आठवड्याच्या आत सेविका तिथं जायची. हे काम उभं करायची जबाबदारी बाईंनी बुद्धप्रियावर टाकली. तिला आधी ती शिक्षाच वाटली होती. दुसऱ्या हंगामात टोळ्यांचे मुकादमच फोन करून तिला नवी टोळी आल्याचं कळवू लागले, तेव्हा तिचा समज फिरला.

गेल्या वर्षी मे महिन्यात बाई निवृत्त झाल्या. निरोपाला हार-नारळ झालं, भाषणं लांबली. बाईंनी पाच वाक्यांत आटोपलं, त्यातल्या एकात 'माझी डोळे भरून आली' म्हणाल्या, आणि सभागृहात हशा पिकला. त्याही हसल्या.

आता आठवड्यातून दोनदा त्या एका नर्सिंग शाळेत शिकवायला जातात. बाकीचे दिवस दुपारी झोपतात, जे सदतीस वर्षांत कधी जमलं नव्हतं. रविवारी शिवकुमार त्यांना स्कूटर शिकवतात, आणि दोघांचं त्यावरून भांडण होतं. मागच्या महिन्यात मी भेटायला गेलो होतो तेव्हा शाळेतल्या दोन मुली घरी आल्या होत्या. एकीनं विचारलं, "मॅडम, नेमणुकीला चांगलं उपकेंद्र कुठलं मागावं?"

बाईंनी खरोखर विचार केला. म्हणाल्या, "ज्या गावातनं संध्याकाळची एसटी परत निघते, ते मागा. नाही मिळालं तर जे मिळेल ते घ्या."

मुलींनी ते वहीत लिहून घेतलं. शिवकुमारांनी आतून सगळ्यांसाठी चहा आणला.