ओले केस

आमची ही सकाळी न्हाली आणि ओले केस तसेच घट्ट बांधून ओट्यावर उन्हाला बसली.

"अगं, सोड की केस. वाळायचे कसे?"

"नको. रस्त्यावरचे बघतील."

काल टीव्हीवर सिनेमा होता. त्यातली वेडी बाई केस मोकळे सोडून खदाखदा हसत होती, भांडी फेकत होती. नातवंडं पोट धरून हसली. हिनं मला हळूच विचारलं, "अहो, मी अशी दिसते का?"

हिला मनाचं दुखणं आहे, डॉक्टरच्या गोळ्या चालू आहेत. मी चौथी शिकलेला माणूस, पण ते दुखणं रोज बघतो. ते हसत नाही की ओरडत नाही. निवडायचे तांदूळ पुढ्यात घेऊन ही बसते आणि हात हलत नाही, एवढंच. सिनेमावाल्यानं असं माणूस बघितलं तरी दाखवणार काय? तिकीट कोण काढील?

मी खुर्ची ओढून रस्त्याकडे तोंड करून बसलो. म्हटलं, "सोड आता. कोण बघतो ते मी बघतो." तरी तिनं गाठ सोडली नाही.

आज केस लपवले. उद्या दुखणंच माझ्यापासून लपवायला लागली तर? ते तर आधीच आवाज करत नाही.