बिनविरोध मीनाबाई

कागल तालुक्यातल्या त्या गावाच्या वेशीत मोठी कमान आहे आणि तिच्यावर लाल अक्षरांत लिहिलंय, ‘बिनविरोध परंपरेचं आदर्श गाव’. परगावच्या माणसांना त्याचं फार कौतुक. निवडणूक नाही, वैर नाही, डोकी फुटत नाहीत. मीनाबाई कांबळे मात्र त्या कमानीखालून जाताना दरवेळी थुंकते. तिच्या जागी मी असतो तर मीही थुंकलो असतो.

मीनाबाईनं साठी गाठली. सून म्हणून गावात आली, लोकांच्या उसात भांगलण करून पोरं मोठी केली. आमदाराला मत दिलं, खासदाराला दिलं, पण आपल्या गल्लीतल्या मेंबरला आजवर कधी दिलं नाही. द्यायची वेळच येऊ दिली नाही कुणी. ग्रामपंचायत लागली की गावपुढारी राजवर्धनदादांच्या सोप्यात चार डोकी बसायची, नावं ठरायची आणि मग बिरोबाच्या देवळात सगळे भंडारा उचलायचे. हळदीची ती चिमूट उचलली म्हणजे शब्द दिला. गावाच्या मर्जीविरुद्ध अर्ज ठेवायचा नाही. गावाची मर्जी म्हणजे कुणाची, हे मात्र विचारायचं नसतं.

गेल्या पावसाळ्यात बुद्धविहारामागची गटार तुंबली आणि घाण पाणी मीनाबाईच्या चुलीपर्यंत आलं. ती तरातरा मेंबरच्या, कृष्णातच्या दारात गेली. तो दात कोरत बसला होता. म्हणाला, “तुज्या मतावर निवडून आलोय व्हय मी?”

बोलणं खरं होतं, म्हणून जास्त झोंबलं. या खेपेला निवडणूक लागली तशी मीनाबाईनं महिलांच्या राखीव जागेवर अर्ज भरला. त्या जागेवर दादांनी तिच्याच वस्तीतल्या श्रुतीचं नाव ठरवलं होतं. श्रुतीला ते कळलं सही करायच्या दिवशी.

देवळात बैठक बसली. दादा गोड आवाजात म्हणाले, “मीनामावशी, उचला भंडारा. गावाचा मान राखा.”

“मी कशाला उचलू? आमच्या सासऱ्यानं छप्पन सालीच देव सोडलं. तुमचा भंडारा तुमालाच लखलाभ!”

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा स्वतः तिच्या दारात हजर. मागं कृष्णात, त्याच्या हातात निळ्या कापडात बांधलेलं जाडजूड पुस्तक.

“भंडारा न्हाय तर न्हाय,” दादा म्हणाले. “तुमच्या धर्माचा मान आमालाबी हाय की. ह्याच्यावर हात ठिवा आणि म्हणा, मी माघार घेते.”

कापड सोडलं तर आत संविधान. पंचायतीच्या कपाटातलं, नुकतीच धूळ झटकलेलं. मतदान होऊ देणार नाही अशी शपथ, आणि ती संविधानावर हात ठेवून! आपण काय मागतोय याची त्या दोघांना सुतराम कल्पना नव्हती. उलट आपण केवढे मोठ्या मनाचे, असा आव तोंडावर. आग मस्तकात जाते ती इथं.

मीनाबाईनं पुस्तक हिसकून घेतलं आणि पदराखाली धरलं. “दादा, मला मत कुणी दिलं? ह्यानं. आणि ह्याच्यावरच हात ठिवून ते तुमच्या घशात घालू? पडलो तर पडीन. पर शाळंत मशिन येऊ द्या, आमची वस्ती रांगेत उभी राहू द्या!”

दादा निघून गेले. मीनाबाईला वाटलं, जिंकलो.

माघारीच्या शेवटच्या दिवशी दुपारी हलगी कडाडत वस्तीत आली. पुढं दादा, हातात हार. मीनाबाईला काही कळायच्या आत तिच्या गळ्यात हार पडला, डोक्यावर गुलाल पडला. श्रुतीला माघार घ्यायला लावली होती.

“मीनामावशी बिनविरोध! गावाची परंपरा राखली!”

“अवो, मग मतदान?”

“आता कशाला? तुमीच आलायसा की निवडून! मीटिंगला येऊन सही तेवढी करायची, बाकीचं आमी बघतो.”

कृष्णात तिच्या कानाशी येऊन हसला. “आता आपुन सारखंच की, मावशी. तुमीबी कुणाच्या मतावर आला न्हाईसा.”

मीनाबाईनं हार तोडून त्याच्या तोंडावर फेकला. हार तुटला, पण निवड तुटत नाही. गुलाल धुवायला पाणी घेतलं आणि तिला रडू कोसळलं. हरली असती तर रडली नसती.

मतदानासाठी जो दिवस ठरला होता, त्या दिवशी सकाळी ती ठेवणीतली पांढरी साडी नेसून शाळेत गेली. मतदानच नसल्यामुळं शाळा नेहमीसारखी भरली होती. व्हरांड्यात पोरं पाढे म्हणत होती. मास्तर बाहेर आले.

“मावशी, कुणाला न्यायला आलाय?”

“मत द्यायला आलोय,” मीनाबाई म्हणाली आणि शाई लावायला डाव्या हाताचं बोट पुढं केलं.