आठ नंबरचा पाय

तर तो पाय पट्टीवर ठेवल्यावर नेमका आठ नंबरचा निघाला, आणि तिथून त्या माणसाचं नशीब उभं राहिलं. त्याआधी छत्तीस वर्षं ते नुसतं बसून होतं. टपाल कचेरीत उंच स्टुलावर बसून हा माणूस पत्रं निवडायचा, ह्या गावची ह्या खणात, त्या गावची त्या खणात. निवृत्त झाला आणि तिसऱ्याच महिन्यात बुटाची टाच निघाली म्हणून जोड्यांच्या कारखान्याच्या दारात गेला. आत फर्मामास्तर बसले होते. फर्मा म्हणजे लाकडाचा पाय. त्याच्यावर कातडं ताणून जोडा शिवतात. मास्तरांचं आयुष्य असले पाय तासण्यात गेलेलं, त्यामुळे ते माणसाचं तोंड नंतर बघायचे. त्यांनी हा पाय हातात घेतला, सोनार नाणं बघतो तसा उलटासुलटा केला आणि म्हणाले, "हा कुठे होता इतके दिवस?"

"स्टुलाखाली," तो म्हणाला.

आता आठ नंबरचे पाय काय, पैशाला पासरी मिळतात. पण कुणाचा अंगठा लांब, कुणाची टाच रुंद, कुणाचा डावा उजव्याशी पटवून घेत नाही. ह्याचे दोन्ही पाय चित्रात काढल्यासारखे. आणि नवा जोडा कुठलाही असो, तो आधी आठ नंबरात शिवायचा, मग लहानमोठी मापं काढायची, अशी त्या धंद्याची रीत. पहिला जोडा जिवंत पायात घालून बघावाच लागतो. लाकडाच्या पायाला बूट चावला तरी तो पाय तक्रार करत नाही. मास्तरांना बोलणारा पाय हवा होता.

चौदा वर्षं झाली त्याला. दर मंगळवारी दुपारी चार वाजता, कारण पाय दिवसभरात जरा फुगतो आणि चार वाजता खरा बोलतो. हा माणूस नवा जोडा घालायचा, खिडकीपर्यंत जायचा, परत यायचा. मास्तर गुडघे टेकून खाली बसायचे, अंगठ्याने चवडा दाबायचे आणि विचारायचे, "कुठे चावतो का?" हा डोळे मिटून सांगायचा, "डाव्या करंगळीला. सुतभर." मास्तर तेवढंच सूत लाकडावर चढवायचे आणि पुढच्या मंगळवारी करंगळी गप्प. कारखान्यात त्याला नावाने कुणी हाक मारत नसे. आठनंबरी म्हणत. शिलाईवाल्या मावशी तर पाय बघूनच हसायच्या. "आठनंबरी, वरचा माणूस घरी ठेवून आलात तरी चालेल. पाय तेवढे पाठवत जा."

"वरच्या माणसाला घरी करमत नाही, मावशी," तो म्हणायचा, आणि सगळे हसायचे. तोही हसायचा.

खरं तर ते हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. बायको जाऊन आठ वर्षं झालेली, मूलबाळ नाही. एक भाची होती लांब, ती रविवारी फोन करायची आणि दोघं मिळून दोन्हीकडच्या हवेबद्दल बोलायची. लॉंड्रीच्या वरची एक खोली, खाली इस्त्रीची वाफ, वर हा. दुकानदार विचारायचा, "आणखी काही?" पण ते पुढच्या गिऱ्हाइकाकडे बघत. सबंध आठवड्यात उत्तर ऐकण्यासाठी थांबणारा प्रश्न एकच होता, आणि तो मास्तरांचा.

अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात. ह्याचे पाय न विचारताच पसरले. गेल्या वर्षी चपला घट्ट व्हायला लागल्या म्हणून तो मुद्दाम लांबच्या पेठेतल्या दुकानात गेला. तिथल्या माणसाने माप घेतलं आणि म्हणाला, "नऊ."

"पुन्हा बघा."

"काका, वय झालं की पायाची कमान बसते. सगळ्यांचंच होतं."

सगळ्यांचंच होत असेल, पण सगळ्यांचे पाय मंगळवारी कामावर जात नाहीत. त्याने नऊ नंबरच्या चपला घेतल्या आणि घरी येऊन तळावरचा आकडा ब्लेडने खरवडून टाकला. मग सुरू झाली कसरत. मंगळवारी दुपारी बादलीत गार पाण्यात पाय, नंतर तासभर जमिनीवर पडून पाय भिंतीला उभे. लॉंड्रीवाला एकदा कपडे द्यायला वर आला तर म्हाताऱ्याचे पाय वर आणि डोकं खाली. "व्यायाम?" त्याने विचारलं. "नोकरी," हा म्हणाला.

कारखान्यात "कुठे चावतो का?" म्हटलं की आता तो "नाही" म्हणायचा. चावत सगळीकडे होतं. वर्षभर जुन्याच फर्म्यांवर नुसते रंग बदलत होते, म्हणून त्याचं खोटं खपून गेलं.

पण मग मालकीणबाईंनी नवीनच काढलं. तिशीतल्या हुशार बाई, कारखाना वडिलांकडून आलेला. त्यांनी मेजावर बारा लोफर मांडले, बिनबंदाचे, पाय सरकवला की झालं असे. म्हणाल्या, "मला एकच जोडा काढायचाय. पुरुषाने एकदा घ्यावा, कपाटात ठेवावा आणि वीस वर्षं दुसरा बघू नये. काका, चौदा वर्षं सगळ्यांचे जोडे घातलेत तुम्ही. निवडा."

"घरोघरी लोफर आधीच पडलेत, बाई, आपण आणखी कशाला?" मावशींनी शिवता शिवता म्हटलं.

आठनंबरीने मात्र मन लावून निवडलं. गोंडेवाले बाजूला केले. "गोंडे दोन वर्षं छान दिसतात, मग बुटाआधी म्हातारे होतात." पितळी पट्टीवाले गेले. टोकदार गेले, निळे गेले. मग तळ वाकवून बघितले आणि नुसते डिंकाने चिकटवलेले सगळे दूर सारले. "शिवलेला तळ झिजला की नवा लावता येतो. चिकटवलेला सुटला की माणूस जोडाच टाकतो." शेवटी उरला तो अगदी साधा. वर कातड्याची एक आडवी पट्टी, गोलसर टोक, रंग पाण्यात भिजलेल्या लाकडासारखा गडद तपकिरी.

"हाच का?" बाईंनी विचारलं.

"हा घालून गेलं तर कुणी 'नवीन घेतले वाटतं' असं म्हणणार नाही. ज्याला कुणी नवीन म्हणत नाही, तो जुनाही होत नाही."

बाईंनी ते वाक्य लिहून घेतलं. मास्तर फर्मा तासायला बसले, आणि एका मंगळवारी त्या एकाच जोड्याचे तीन नमुने मेजावर आले. तिन्ही आठ नंबर, फरक सुताचा. ह्यातला एक पक्का करायचा आणि सकाळी चार हजार जोड्यांचं कातडं कापायला घ्यायचं.

पहिला घातला, चावला. दुसरा घातला, चावला. तिसऱ्यात पाय सरकवला आणि वर्षभरात पहिल्यांदा करंगळी सरळ झाली. काय जोडा होता तो. टाच धरलेली, चवड्याला जागा, कातडं हाताने चोळल्यासारखं मऊ. तो खिडकीपर्यंत गेला. चालताना त्याला लग्नात घेतलेले बूट आठवले. तो परत वळला आणि अर्ध्या वाटेत थबकला.

हा पाय नऊ नंबरचा. त्याला हा जोडा बसला, म्हणजे जोडा चुकला. मास्तरांचा हात ह्या वेळी सैल पडला होता. बंदाचा बूट सैल झाला तर माणूस बंद ओढून घेतो. लोफरला ओढायला काही नसतं. आठ नंबरवाला हा घेईल आणि पावलागणिक टाच मागे फटफटत राहील. गुपचूप दुसऱ्यावर बोट ठेवावं म्हटलं, तर पहिला खरा की दुसरा, हे सांगायला खरा आठ नंबर लागणार. ह्याच्या पायाला दोन्ही सारखेच चावत होते.

मास्तर खाली बसले. चवडा दाबला. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता, कारण जोडा पायाला चिकटून बसला होता. "कुठे चावतो का?"

बाई पेन उघडून उभ्या होत्या. मावशींनी मशीन थांबवलं होतं. आठनंबरीने एवढंच म्हणायचं होतं, "नाही." तो शब्द तर खरासुद्धा होता. तेवढा म्हटला की पुढचा मंगळवार शाबूत.

तो स्टुलावर बसला. दोन्ही जोडे काढून मेजावर ठेवले. मग भिंतीला टांगलेली मापाची पट्टी स्वतः काढली, जमिनीवर ठेवली, तिच्यावर उजवा पाय ठेवला आणि वर बघत राहिला. मास्तरांनी पट्टी सरकवली. चष्मा पुसून पुन्हा सरकवली. बाईंनी वाकून आकडा बघितला आणि पेनाचं टोपण लावलं.

"कधीपासून?" मास्तरांनी विचारलं.

"वर्ष होत आलं."

मास्तर अजून खालीच बसले होते, पाय हातात धरून. "रागावत नाही मी. पण माणसाने बोलायचं की नाही? वर्षभर चावून घेतलंत. का?"

"बोललो असतो तर मंगळवारी चार वाजता मी कुठे जायचं, ते मला ठरवता येईना. अजूनही ठरलेलं नाही. पण हा जोडा लोकांच्या कपाटात वीस वर्षं राहायचा आहे, मास्तर."