वडनेर टॉवरचं वय

किस्से कुणी ठरवून जमवत नाही. जुन्या मोबाईलच्या वायरी एका खणात साठत जातात, तसं ते होतं. एकही वायर मुद्दाम विकत घेतलेली नसते, कुठली कशाची हे आठवत नाही, आणि टाकायचं म्हटलं की हात थांबतो. आमच्या विमानवाल्या मंडळाचे किस्से माझ्याकडे असेच साठले आहेत. सांगताना क्रम थोडा मागेपुढे होईल. माझी स्मरणशक्ती चांगली आहे असं लोक म्हणतात. मला तशी खात्री नाही.

आधी मंडळाविषयी. आम्ही कॉम्प्युटरवर विमानं उडवतो. घरच्या टेबलावर जॉयस्टिक, समोर पडदा, पडद्यावर कॉकपिट. कुणी पायलट होतो, कुणी टॉवर सांभाळतो, म्हणजे कोणतं विमान कधी उतरायचं ते माइकवरून सांगतो. माणसं आपापल्या घरी, विमानं मात्र इंटरनेटवरच्या एकाच आभाळात. मंडळाचं नाव 'वऱ्हाड एअर'. याला गेम म्हटलं की आमच्यातल्या काहींना राग येतो. मला येत नाही, पण मी तसं कधी बोलून दाखवलेलं नाही.

* * *

मी एरोडायनॅमिक्समध्ये पीएचडी केली आहे. विमान हवेत का टिकतं, हे नोकरीभर इंजिनिअरिंगच्या मुलांना फळ्यावर सिद्ध करून दाखवलं. खऱ्या विमानात बसल्यावर मात्र ती सिद्धता मला पटत नाही. खुर्चीचे हात घट्ट धरून बसतो.

निवृत्तीनंतर वर्ध्याला घरी बसून या मंडळाची माहिती वाचली आणि धनराजभाऊंना फोन केला. मंडळ त्यांनीच सुरू केलेलं. कारंजा घाडगेला हायवेवर त्यांचं ट्रकच्या टायरचं दुकान आहे.

"वयाची काही अट आहे का?" मी विचारलं.

"नाई जी. कोनी बी या."

"वरची मर्यादा?"

"थे वरचा ठरवते, सर. आपलं काम नाई."

* * *

अट नव्हती ती एका वडिलांच्या फोनमुळे आली. हिंगणघाटकडचे गृहस्थ. धनराजभाऊंना म्हणाले, "माह्या पोराशी रोज संध्याकाळी एक बाई बोलते. कोन आहे थे?"

"काय बोलते जी?"

"'उतर, खाली उतर' म्हणते. आमचं घर दोन मजली आहे, भाऊ. मी चार दिवसांपासून जिन्यात बसून राह्यलो."

ती बाई म्हणजे वैशालीताई. सेवाग्रामच्या दवाखान्यात लॅबमध्ये काम करतात आणि घरी आल्यावर टॉवर सांभाळतात. पोरगा सातवीत होता. ताईंना तो कॉलेजचा वाटला होता.

आम्ही हसलो. ताई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मी होती म्हणून बरं. दुसरं कोनी भलतं असतं तर? त्या बापाचं काय चुकलं?"

त्याच आठवड्यात नियम करायचं ठरलं आणि मसुदा माझ्याकडे आला. मी चार पानं लिहिली. उद्देश, व्याख्या, अपवाद, अपवादांचे अपवाद. धनराजभाऊंनी ती शांतपणे वाचली आणि ग्रुपवर एक ओळ टाकली: 'सोळा पूर्ण असन तर या, नाईतर सोळा झाल्यावर या.'

तो नियम अजून तसाच आहे. सगळ्यांना समजतो, हे मला थोडं लागतं.

* * *

नवीन येणाऱ्याचं वय तपासायचं काम माझ्याकडे आलं. प्रमाणपत्र मागवायला वैशालीताईंचा विरोध होता. लोकांची कागदपत्रं आपण कुठे सांभाळत बसायची, हा त्यांचा मुद्दा. मग मी एक प्रश्नपत्रिका तयार केली. प्रौढ माणसालाच येतील असे प्रश्न. गॅसचा नंबर फोनवरून कसा लावतात? मतदान करताना शाई कोणत्या बोटाला लावतात? मिक्सरचं भांडं अडकलं तर काय करायचं?

मुलांना सगळं आलं. घरातली ही कामं त्यांच्याच अंगावर असतात, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

धनराजभाऊंनी गंमत म्हणून पेपर सोडवला. गॅसही चुकला, मिक्सरही चुकला.

"सर, मी बेचाळीसचा आहे," ते म्हणाले. "दोन लेकरं आहेत. आता मंडळात राहू का जाऊ?"

* * *

प्रश्नपत्रिका बंद केली आणि मी आवाजावरून वय ओळखायला लागलो. ही पद्धत शास्त्रीय नाही, हे मला मान्य आहे. एकाचा आवाज इतका कोवळा होता की मी त्याला स्पष्ट सांगितलं, "बाळ, आईला फोन दे."

"आई तं वारली जी. लय वर्षं झाले."

मला वाईट वाटलं. "मग घरात मोठं कोण आहे?"

"मीच."

ते वनखात्यातून रिटायर झालेले गृहस्थ निघाले. दोन नातवंडं मांडीवर घेऊन व्हिडिओ कॉलवर आले. मी तीन-तीनदा माफी मागितली. त्यांचा चेहरा खुलला होता.

"माफी काऊन मागता, सर? साठी झाल्यापासून मले कोनी बाळ म्हटलं नाई. अजून एकदा तपासा ना. आमच्या मंडळींले बोलावतो, तिच्यासमोर म्हना."

* * *

एकदा टॉवरवर मलाही बसवलं होतं. दोन विमानं एकाच धावपट्टीकडे आली. पुस्तकात उत्तर होतं, मला ते पाठही होतं. पण आधी कुणाला बोलवलं तर दुसऱ्याचा अपमान होईल, असं काहीतरी मनात आलं. मी म्हणालो, "आपण दोघांनीही कृपया आधी उतरावं."

दोघांनीही माझा मान ठेवला.

धनराजभाऊ त्यांपैकी एक होते. धूर निघत असलेल्या कॉकपिटातून ते म्हणाले, "सर, तुमी पायलटच राहा."

* * *

आमचा सगळ्यात चांगला टॉवर म्हणजे वडनेर. रेडिओवर आम्ही नावं घेत नाही. ज्या गावाहून बोलतो, तेच नाव. म्हणून मी 'वर्धा', धनराजभाऊ 'कारंजा', आणि ही 'वडनेर'. बाईचा आवाज, खालच्या पट्टीतला, कधीही न चढणारा. गर्दी असो, वादळ असो, ती एकेकाला ओळीत लावायची. कुणी मध्ये घुसलं की म्हणायची, "कारंजा, तुमचा नंबर सांगितला होता. मागे जा." आणि चाळीस टायर एका दिवसात विकणारा माणूस निमूट मागे जायचा.

माझ्या मनात एक चित्र पक्कं झालं होतं. शाळेतल्या बाई, पन्नाशीच्या, चष्मा. मी त्यांना मॅडम म्हणायचो. त्या मंडळात आल्या तेव्हा वयाचा नियम नव्हता, त्यामुळे तपासणी झालीच नव्हती.

एका संध्याकाळी त्या म्हणाल्या, "पुढचे काही दिवस वडनेर टॉवर बंद राहील. परीक्षा आहे."

"पेपर तपासायचे असतील, मॅडम," मी म्हणालो.

"नाही सर. द्यायचे आहेत."

"वा, या वयात. एम.ए.?"

"नववी."



मी विचारलं, "हे आधी का नाही सांगितलं?"

ती पहिल्यांदा रेडिओची भाषा सोडून घरच्या भाषेत बोलली. "मले कोनी विचारलंच नाई, सर. तुमी मॅडम म्हणत होते. मले वाटलं, सगळ्याइलेच म्हणता."

* * *

कारंजाच्या एका ढाब्यावर धनराजभाऊ, वैशालीताई आणि मी बसलो. मुलगी साडेचौदाची. नियम सोळाचा.

"थे गेली तर टॉवर कोन पाह्यते?" धनराजभाऊ म्हणाले. "सर?"

यावर कुणी हसलं नाही. मला वाटतं, ते खरंच विचारत होते.

मी म्हणालो, तिच्या आईशी बोललो आहे. आईला सगळं ठाऊक आहे. ती टॉवरवर असते तेव्हा आई बाजूलाच तुरीच्या शेंगा सोलत बसते. मला फोनवर म्हणाली होती, "घरात आमी चार मोठे हाओत, सर. पोरगी बोलली का कोनीतरी म्हणते, तू गप राह्य. तिथं मोठमोठे लोकं तिचं आयकतात. थांब म्हटलं का थांबतात. मी तं आयकालेच बसते."

धनराजभाऊंनी चहाचा ग्लास खाली ठेवला. "मंग झालं ना. आई बाजूले आहे. राहू द्या."

"आज हिची आई बसते म्हणून ठेवलं," वैशालीताई म्हणाल्या. "उद्या दुसऱ्याची आई बसत नाई, तरी तो 'बसते' म्हनन. तुमी कोनाकोनाच्या घरात पाहाले जानार? हुशार आहे म्हणून हिले ठेवाचं, आन् साधा आहे म्हणून त्या सातवीच्याले काढाचं?"

मला दोघांचंही पटत होतं. ही माझी नेहमीची अडचण आहे. शेवटी दोघांनी माझ्याकडे पाहिलं, कारण नियम माझ्या टेबलावरून गेला होता, एका ओळीचा का होईना. मी म्हणालो, नियम आहे तर आहे. सोळा होईपर्यंत थांबवू.

"बरं," धनराजभाऊ म्हणाले. "पन सांगान तुमीच."

दीड वर्षाचाच प्रश्न आहे, असं मी मनाशी म्हणत घरी आलो. माझ्या वयात दीड वर्ष म्हणजे डॉक्टरच्या तीन फेऱ्या. तिच्या वयात किती असतं, ते आठवून पाहिलं, आणि मग आठवायचं थांबवलं.

* * *

सांगणं माझ्याच्यानं होईना. फोन उचलायचो, ठेवायचो. वाक्य लिहून काढलं, खोडलं. तिची परीक्षा संपली, ती टॉवरवर परत आली, तरी माझं चालूच. समोरासमोर किंवा फोनवर बोलताना माझा आवाज कापतो. रेडिओवर तसं होत नाही. तिथली भाषा ठरलेली, वाक्यं छोटी, भावनेला जागा नाही. मला वाटलं, सांगायला हीच जागा बरी. विमान उडवता उडवता सांगून टाकू.

संध्याकाळची वेळ होती. आभाळात मी एकटाच आणि टॉवरवर वडनेर. बाकी सगळ्यांना त्या दिवशी अचानक कामं निघाली होती. मी नागपूरच्या धावपट्टीसमोर आलो, विमान सरळ केलं. टॉवरच्या पडद्यावर येणारं विमान अगदी जवळून दिसतं, पायलटला मात्र तिकडचं काही दिसत नाही. तेवढाच मला आधार होता.

"वडनेर टॉवर, वर्धा बोलतोय."

"बोला, वर्धा."

"मंडळाच्या नियमानुसार, सोळा वर्षं पूर्ण होईपर्यंत, आपलं सदस्यत्व थांबवण्यात येत आहे."

झालं एकदाचं. आवाज कापला नाही. माझाच मला थोडा अभिमान वाटला.

विमानांच्या रेडिओवर एक पद्धत असते. जी सूचना मिळाली ती ऐकणाऱ्यानं जशीच्या तशी म्हणून दाखवायची. बरोबर ऐकू आली याची ती खात्री. रोज टॉवर सांगतो आणि पायलट म्हणून दाखवतो. त्या दिवशी उलटं झालं होतं.

थोडी खरखर आली. मागे कुणीतरी शेंगा परातीत टाकत असावं.

"मंडळाच्या नियमानुसार," ती म्हणाली, तशीच खालच्या पट्टीत, "सोळा वर्षं पूर्ण होईपर्यंत, माझं सदस्यत्व थांबवण्यात येत आहे. समजलं, वर्धा."

"बरोबर," मी म्हणालो. पुढे काय म्हणायचं ते मी लिहून ठेवलेलं नव्हतं. धावपट्टी मोठी मोठी होत होती.

"सर, एक विचारायचं होतं."

"विचार, बेटा."

"टॉवर आत्ताच बंद करू, का तुम्ही उतरल्यावर? तुमची चाकं अजून आतच आहेत."